चेटकीण येते तेव्हा

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार वर्षांच्या नातीला ‘अलबत्या गलबत्या’ दाखवायला नेलं. तिसरी घंटा झाली, दिवे मालवले आणि ती आपली खुर्ची सोडून माझ्या मांडीवर आली. इथवर ठीक होतं. मग चेटकीण आली. वैभव मांगले यांनी रंगवलेली ही चेटकीण खरं तर हसवणारी. सभागृहातली मुलं किंचाळून हसत होती, आमची नुसतीच किंचाळत होती. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मी तिला उचललं आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर आले.

बाहेर बटाटेवड्याच्या वासात आम्ही बाकावर बसलो. दारावरचा माणूस म्हणाला, “आजी, घरी नेऊ नका. दहा मिनिटांत तीच आत चला म्हणेल. प्रत्येक प्रयोगाला चार-पाच तरी येतात अशी.”

त्या दहा मिनिटांत मला माझी भीती आठवली. सत्तरच्या दशकात आईनं मला हेच नाटक दाखवलं होतं. तेव्हा चेटकीण होते दिलीप प्रभावळकर. बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिकिटं काढलेली, लोकलनं इतक्या लांब आलेलो. मी सगळी चेटकीण आईच्या पदराच्या विणीतून पाहिली. त्या वर्षी शाळेत काय शिकले ते आठवत नाही, पदरापलीकडची ती आकृती मात्र आठवते. आणि तरी मीच नातीला घेऊन आले होते! पदरचे पैसे मोडून मुलांना घाबरवायला नेण्याची ही रीत आपल्याकडे आली कुठून, हे शोधावंसं वाटलं ते तिथे, त्या बाकावर.

शोध घेऊ लागले तर तो थेट मराठी नाटकाच्या उगमापाशी गेला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेतल्या नाटकांना पुढे ‘अललडुर्र नाटकं’ असं थट्टेचं नाव पडलं, ते राक्षसाच्या आरोळीवरून. सूत्रधार पदं म्हणतोय, गणपती-सरस्वती येऊन गेलेत, आणि मग राळेच्या भपकाऱ्यात ‘अललडुर्र’ करत राक्षस रंगभूमीवर येतो. त्याच रंगभूमीवर विदूषकही असे. भीती आणि हसू यांची अशी शेजारशेजारची सोय हा त्या नाटकांचा मोठा गुण, असं मला वाटतं. पुढच्या सुशिक्षितांनी त्यांना नाकं मुरडली, त्यात राक्षसाबरोबर हेही गेलं.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. रंगभूमी गाऊ लागली, नाटकं पहाटेपर्यंत रंगू लागली आणि राक्षसाचं काम संपलं. आजोळी संगीत नाटकाच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास असे : पहिल्या अंकानंतर आम्ही झोपलो. मुलं नाटकाला जात, पण नाटक त्यांच्यासाठी नसे. ती मांडीवरचं सामान होती.

मुलांचं म्हणून जे नाटक होतं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. आचार्य अत्र्यांचं ‘गुरुदक्षिणा’ १९३०चं, शाळेतल्या मुलांनी करण्यासाठी लिहिलेलं. अशा नाटकांनी पुष्कळ चांगले नट दिले असतील. पण तिथली बैठक उलटी होती. मुलं उजेडात, आईवडील अंधारात. मुलानं संवाद पाठ करायचे, मिशी सांभाळायची, आणि कौतुक मोठ्यांनी करायचं. त्या खेळात मूल फक्त एकाच गोष्टीला घाबरे, वाक्य विसरण्याला.

ही बैठक फिरवली सुधा करमरकरांनी. अमेरिकेत त्यांनी मुलांची रंगभूमी जवळून पाहिली होती. मुलांसाठीचं नाटक मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीनं, नेपथ्य-प्रकाश-संगीतासह आणि जाणत्या नटांनी करायचं, हा विचार घेऊन त्यांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’. लेखक विशीतले रत्नाकर मतकरी. सुधाताई नृत्य शिकलेल्या, नायिका शोभणाऱ्या, पंचविशीतल्या. त्यांनी स्वतःकडे भूमिका घेतली ती चेटकिणीची.

या निवडीपाशी मी बराच वेळ थांबले. मुलांच्या पहिल्या नाटकात परीचं काम सोपं. चेटकिणीचं काम करणाऱ्या माणसाला दर क्षणी सभागृहाचा कानोसा घ्यावा लागतो. समोर चार वर्षांचं मूल आहे तसं दहा वर्षांचंही आहे. दहाचं कंटाळू नये इतकं घाबरवायचं आणि चाराचं उठून जाऊ नये इतकं सावरायचं. भीती चढू लागली की एखादी गिरकी, एखादी फजिती. हे तोल सांभाळणं शाळकरी नटाला कसं जमावं? मोठ्यांनी मुलांसाठी नाटक करायचं या तत्त्वामागे मला हे सर्वांत व्यावहारिक कारण दिसतं, मग त्याबद्दल कितीही थोर भाषेत लिहिलं जावो.

मतकरींनी १९६२ साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. पुढे ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आलं, ‘अलबत्या गलबत्या’ आलं. या लेखकाची मोठ्या वाचकांतली ओळख गूढकथाकार म्हणून, ही गोष्ट बालरंगभूमीच्या संदर्भात फारशी लक्षात घेतली जात नाही. ज्या हातानं मोठ्यांची झोप उडवली, त्याच हातानं मुलांची चेटकीण लिहिली. मात्र त्यानं तिला विदूषकाचं हाड दिलं. भाव्यांच्या रंगभूमीवर राक्षस आणि विदूषक दोन वेगळे नट असत. इथे ते एकाच झग्यात आले. शतकभर बेकार असलेला राक्षस बायकी वेषात, मुलांच्या दारानं परत आला, असं मी म्हणते. प्रभावळकरांसारखा नट त्या झग्यात असला की मूल किंचाळायला तोंड उघडतं आणि त्यातून हसू बाहेर पडतं. बहुतेकांचं. आमच्यासारख्यांचं नाही.

सगळ्यांना हा मार्ग पटला नाही. सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’च्या चंद्रशालेत मुलांनाच पुन्हा रंगमंचावर आणलं, पण संमेलनाच्या हौसेनं नव्हे, रीतसर शिकवून, ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्याचं गाजलेलं फळ. पुण्यात १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स चळवळ मराठीत आणली. ‘छान छोटे वाईट मोठे’ या नाटकाच्या नावातच चेटकिणीला निरोप आहे. घाबरवणारं जे काही आहे ते घरात, जिन्यात, शाळेत आहे आणि ते मोठ्यांच्या रूपात आहे. मोठे नट मुलांची कामं करतात, आणि शेजारी बसलेल्या आईबापांना खुर्चीत चुळबुळ करावी लागते. आगाशे मनोविकारतज्ज्ञ, त्यांना हे नाटक का भावलं असेल ते सांगायला नको. विचार म्हणून मला ग्रिप्स अधिक पटतं. माझ्या मुलाला मी तीच नाटकं दाखवली, चेटकिणीपासून त्याला लांब ठेवलं. त्याची मुलगी चेटकिणीपाशी परत आली.

एकटी तीच नव्हे. २०१८ साली चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात हे नाटक पुन्हा उभं राहिलं आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला त्याचे एका दिवसात पाच प्रयोग झाले. मुलांनी हट्ट केला म्हणून हे झालं असं म्हणतात; चार वर्षांच्या मुलाला नाटकाचं नाव कुठून कळणार? माझ्या आसपास तरी हट्ट माझ्याच वयाच्या माणसांचा होता. आम्ही आपापली भीती पाहायला गेलो होतो, सोबतीला एकेक मूल घेऊन.

बाकावर आठव्या-नवव्या मिनिटाला नातीनं विचारलं, “ती गेली का?” मी खरं ते सांगितलं, की गेलेली नाही, शेवटपर्यंत असणार. तिनं थोडा विचार केला. मग दारावरच्या माणसानं पडद्याची कड बोटभर सरकवून धरली आणि तिथून, माझं बोट पकडून, तिनं उरलेला अंक उभ्यानं पाहिला. मध्यंतरानंतर आत यायला तयार झाली, पण दाराजवळच्या खुर्चीवरच. तिथलं एक कुटुंब आपणहून आमच्या जागी गेलं.

दोन महिन्यांनी ती म्हणाली, परत जाऊया. मी तिकीट खिडकीवर गेले आणि कडेच्या दोन खुर्च्या मागितल्या. “या नाटकाला कडेच्या आधी जातात,” आतला माणूस म्हणाला, “मधल्या देऊ?”

मी पुढच्या रविवारच्या प्रयोगाच्या कडेच्या घेतल्या.