परंड्याचा बुरूज आणि मामांचा कॅमेरा

परंड्याचा किल्ला मी प्रथम पाहिला तो तोफेवर बसून. वय असेल सहा-सात वर्षांचे. बार्शीहून आलेल्या माझ्या मामांनी मला उचलून एका तोफेवर बसविले, काही पावले मागे गेले आणि एक रुपेरी कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. वैशाखातील ऊन. तोफ तव्यासारखी तापलेली. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मामा, चटका बसतोय!" मामा कॅमेऱ्यामागूनच म्हणाले, "दम धर जरा. अजून दोनाचा एक झाला नाही."

या वाक्याचा अर्थ कळावयास मला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. मामा गेले, आणि त्यांच्या पेटीतून तो कॅमेरा, त्याची वास मारणारी चामड्याची पिशवी आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. वेळ होता. कॅमेरा शिकावा असे मनाने घेतले. घरातील मंडळींनी आपल्या खिशातील फोन काढून दाखविले आणि माझ्याकडे दयेने पाहिले. असो.

कॅमेरा रशियन, झोर्की-४ नावाचा. यात अंतर जुळविण्याची जी तऱ्हा आहे तिच्यावरून या जातीला 'रेंजफाइंडर' म्हणतात. त्याच्या पुढच्या अंगाला दोन झरोके असतात, एकमेकांपासून जेमतेम दीड इंच दूर. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा आतील आरसा व लोलक यांच्या साहाय्याने एकाच ठिकाणी येतात. भिंगाचे कडे फिरवीत राहिले म्हणजे बुरुजाच्या दोन कडा हळूहळू जवळ येतात आणि एका क्षणी एकमेकींवर बसतात. दोनाचा एक झाला! त्या क्षणी कड्यावर जो आकडा असेल ते अंतर. आपले दोन डोळे जन्मभर जे करीत असतात तेच हे यंत्र करते. फक्त ते आकड्यात सांगते.

या युक्तीचे कूळ शोधीत गेलो तेव्हा मौज वाटली. ही युक्ती छायाचित्रकाराची नव्हे. ती वाढली तोफखान्यात. शत्रू किती दूर आहे हे कळल्याशिवाय लांब पल्ल्याची तोफ डागणे व्यर्थ. ग्लासगोच्या बार आणि स्ट्राउड या जोडीने १८८८ पासून लष्करासाठी व आरमारासाठी असली अंतरमापके बनविली. १९१६ साली कोडॅकने आपल्या एका कॅमेऱ्यात अंतरमापक भिंगाशी जोडले, आणि १९३२ साली लायका व काँटॅक्स या जर्मन कॅमेऱ्यांनी ते जगभर नेले. पुढे निकॉन कॅमेरे काढणारी जपानी कंपनी त्याआधी युद्धनौकांची अंतरमापके करीत असे. माझा झोर्की ज्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून निघाला तोही १९४२ साली, ऐन युद्धात, सैन्याची दुर्बिणी-भिंगे करण्यासाठी उभा राहिला होता. झोर्की तेथे १९४८ पासून होऊ लागले. म्हणजे परंड्याच्या तोफेपुढे मामा जे यंत्र घेऊन उभे होते ते त्या तोफेच्या नात्यातलेच!

आणि परंडा हे तर तोफांचेच गाव. बहमनी वजीर महमूद गवान याने हा भुईकोट बांधविला असे सांगतात. डोंगराचा आधार नाही, म्हणून सारा भार खंदकावर, दुहेरी तटावर आणि बुरुजांवरील तोफांवर. १६०० साली अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला तेव्हा निजामशाहीची गादी परंड्यास आली. मलिक अंबरने दुसऱ्या मूर्तजाला येथेच पुढे केले. एका मोडक्या राज्याची का होईना, पण आमचे गाव राजधानी होते! शहाजहानच्या काळात मोगलांनी या किल्ल्यावर दोनदा वेढा घातला. १६३१ साली आझमखानाला गुराघोड्यांच्या वैरणीअभावी निघून जावे लागले, आणि १६३४ साली खुद्द शाहजादा शुजा व महाबतखान हात हालवीत परतले. अखेर १६६० साली किल्ला मोगलांना मिळाला तो तोफांनी नव्हे, पैशाने.

या तोफांतील सर्वांत नामांकित तोफ मात्र आज परंड्यात नाही. ती म्हणजे मुलूखमैदान. १५४९ साली अहमदनगरास मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. लांबी सुमारे चौदा फूट, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंड असे घडविलेले की एक श्वापद जबड्यात हत्ती चिरडीत आहे. ती परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. शेकडो बैल आणि वर हत्ती जुंपले होते म्हणतात. तिच्या जोडीची कडकबिजली वाटेत नदीत बुडाली अशीही आख्यायिका आहे. १८५४ साली इंग्रजांनी मुलूखमैदान लिलावात काढली तर दीडशे रुपयांवर बोली जाईना. तेव्हा कोणा अधिकाऱ्याला लाज वाटून लिलाव रद्द झाला.

हा सारा भाग मी तीस वर्षे वर्गात रंगवून सांगितला. दर हिवाळ्यात मुलांना किल्ल्यात नेई, एका रिकाम्या बुरुजावर उभे करी आणि हात उंचावून म्हणे, "मुलांनो, याच ठिकाणी मुलूखमैदान उभी होती!" मुले अवाक् होत. दोघे-तिघे वाकून दगडांवर हात फिरवीत. त्या बुरुजाचे प्रकरण पुढे येणारच आहे.

कॅमेऱ्याचे शिक्षण फजितीनेच सुरू झाले. पहिल्या रोलमध्ये छत्तीस चित्रे घेतली. अंतर जुळविले, उन्हाचा हिशेब केला: शंभर वेगाची फिल्म असेल तर लख्ख उन्हात छिद्र सोळावर आणि पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर. फिल्म धुतली तर स्वच्छ काचेसारखी! भिंगावरचे झाकण मी काढलेच नव्हते. या जातीच्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळे, त्यामुळे भिंग आंधळे असले तरी आपल्याला जग लख्ख दिसत राहते. दुसऱ्या खेपेस तोफेवरील फारसी लेख जवळून घेतला, तर वरची ओळच कापली गेली. कारण तेच, माझी खिडकी भिंगाच्या वर आहे. शिवाय झोर्कीचा एक हट्ट आहे: पडदा ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवावयाची नाही. फिरवलीत तर यंत्र बिघडते. एवढे मात्र मामांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले होते.

धुण्याचे काम मी मागच्या खोलीत दारा-खिडक्यांना गोधड्या लावून करतो. औषधाचे पाणी वीस अंश हवे असे पुस्तके सांगतात. ही पुस्तके लिहिणाऱ्यांनी परंड्याचा एप्रिल पाहिलेला नसावा! नळाचे पाणी तेथे अंगावर घ्यावयास नको इतके तापते. अखेर माठाचे पाणी आणि त्यात बर्फाचा खडा, असा तोडगा निघाला. बोअरच्या पाण्याने फिल्मवर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटचे धुणे विकतच्या जारच्या पाण्यात.

आमच्या मुलखात या विद्येची परंपरा काही लहान नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या पिढीतले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक होते. परंडा निजामाच्या राज्यात. तेथील पुराणवस्तू खाते १९१४ साली सुरू झाले आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९२० नंतरच्या वर्षांत खात्याच्या अहवालात परंड्याच्या किल्ल्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पाहावे, मोजावे, मग लिहावे, ही त्या मंडळींची रीत.

मामांची वही याच रीतीची होती. प्रत्येक चित्राला एक ओळ: क्रमांक, तारीख, वेळ, विषय, अंतर, छिद्र, वेग. त्यांचे रोल मात्र डब्यात बुरशी येऊन एकमेकांना चिकटले होते; सोडवून पाहिले तर सारा थर निघून आला. शाबूत राहिली ती एकच पट्टी. म्हणून ठरविले की वहीत लिहिलेली सारी चित्रे त्याच ठिकाणी उभे राहून पुन्हा घ्यावयाची. चौथ्या रोलपासून मीही ओळी लिहू लागलो.

त्या बुरुजापाशी आलो. दोनाचा एक केला. अंतर दहा मीटर. वहीत 'विषय' या रकान्यात लिहिले, 'मुलूखमैदानाचा बुरूज'. सहज मामांची ओळ पाहिली. तिथे लिहिले होते, 'रिकामा बुरूज. अंतर १० मीटर.'

मी तेथेच तटावर बसलो. अंतर मी मोजले होते. ऊन मोजले होते. पण हे नाव? हे मी कोठून आणले? नोकरीला लागलो त्या वर्षी एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी मला हाच बुरूज दाखविला होता, त्यांना कोणीतरी दाखविला असेल. तोफ परंड्यात होती एवढेच ग्रंथ सांगतात. ती याच बुरुजावर होती असे माझ्या वाचनात एका ठिकाणीही आलेले नाही. तीस वर्षांच्या मुलांना मी ते शपथेवर सांगावे तसे सांगितले होते. त्यांतील काही आज स्वतः शिक्षक आहेत आणि आपापल्या मुलांना त्याच बुरुजावर नेत असतील.

मी ओळ खोडली आणि खाली मामांचीच ओळ उतरविली.

त्यानंतर भेटेल त्या जुन्या विद्यार्थ्याला मी हे सांगतो. बहुतेक जण हसतात. एक जण, जो आता जवळच्याच शाळेत इतिहास शिकवितो, तो जरा रागावला. म्हणाला, "सर, मग पोरांना दाखवू तरी काय?" मी त्याच्या हातात कॅमेरा दिला आणि समोरच्या तोफेच्या दोन कडा जुळवावयास सांगितले. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "साडेसहा मीटर." मग त्याने पावलांनी मोजून पाहिले.

मामांच्या शाबूत पट्टीत त्या वैशाखातले चित्रही आहे. तोफेवरील अक्षरांचा वेलविळखा लख्ख उमटला आहे. वर बसलेला पोरगा मात्र हललेला, चेहरा नुसता पांढरा डाग. वहीत ओळ आहे: 'तोफ, लेखासह. अंतर ३ मीटर. वर भाचा. हलला.'