विलिंग्डन विमानतळ आणि आपले पहिले छत्रीधारी

सफदरजंगच्या मकबऱ्यावरून दिल्लीकर मराठी माणूस नित्य जातो. परंतु त्यालगतच्या जुन्या विमानतळाचे आपल्या छत्रीधारी सैन्याशी असलेले नाते फार थोड्यांस ठाऊक असते.

चालत्या विमानातून हवाई छत्रीने उतरण्याचे पहिले श्रेय सामान्यतः १९१२ साली उडी घेणाऱ्या अमेरिकन आल्बर्ट बेरीस दिले जाते. आपल्याकडे रामचंद्र चटर्जी त्याहीपूर्वी, १८९० साली, कलकत्त्यात फुग्यातून उतरले होते. पण तो तिकीट लावून दाखविलेला खेळ होता. शिपायाने शस्त्रानिशी आकाशातून उतरावे, ही कल्पना येथे रुजली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१ च्या मे महिन्यात जर्मनांनी क्रीट बेट छत्रीधारी सैन्याच्या बळावर घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तीत ब्रिटिश, हिंदी व गुरखा अशा तीन पलटणी होत्या. त्यांच्या शिक्षणाची शाळा याच, तेव्हाच्या विलिंग्डन, विमानतळावर भरली.

शाळा कसली, निकडीच्या काळातला संसारच तो! छत्र्यांची टंचाई, आणि विमाने म्हणाल तर कालबाह्य झालेली दुपंखी व्हॅलेंशिया. विमानाच्या तळाला पाडलेल्या भोकातून शिपायाने स्वतःस खाली सोडावयाचे. छत्री उघडण्याचे काम त्याच्या हाती नसे. विमानास बांधलेली दोरी ताणली की छत्री आपोआप बाहेर ओढली जाई. म्हणजे त्याचा सारा भरवसा छत्रीची घडी घालणाऱ्या अनोळखी हातांवर. अशा उड्या घेणाऱ्या पहिल्या हिंदी सैनिकांत लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरासिंग यांची नावे अग्रक्रमाने येतात. रंगराज हे पलटणीचे डॉक्टर! पुढे कोरियाच्या युद्धात ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे नेतृत्व करून त्यांनी महावीर चक्र मिळविले. १९४२ साली शाळा चकलाल्यास गेली आणि दिल्लीचे हे पर्व संपले.

यात मराठी माणूस कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. तो जरा उशिरा आला, पण आला तो पलटणच घेऊन. १७९७ साली उभारलेली, इटलीच्या रणांगणात नाईक यशवंत घाडगे यांच्या बलिदानाने व्हिक्टोरिया क्रॉसची मानकरी ठरलेली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण महायुद्धानंतर छत्रीधारी झाली. सह्याद्रीचे कडे चढण्याची ख्याती असलेल्यांच्या वंशजांनी आता आकाशातून उतरण्याचा धडा गिरविला. १९५२ मध्ये तिचे नाव २ पॅरा (मराठा) झाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या अधिपत्याखाली हीच पलटण पूर्व बंगालातील टांगाईलजवळ उतरली, पुंगलीचा पूल तिने ताब्यात घेतला आणि डाक्क्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविली. पाचच दिवसांनी डाक्का पडले.