‘सिंधु’ शब्दाचा अर्थ आणि उगम : ‘सिंधुदुर्ग’ या नामाच्या संदर्भात

मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्या जलदुर्गाचा पाया घातला, त्याच्या ‘सिंधुदुर्ग’ या नावाचा ‘समुद्रातील किल्ला’ हा अर्थ सर्वमान्य आहे. तथापि ‘सिंधु’चा मूळ अर्थ समुद्र नव्हे. ऋग्वेदात हा शब्द प्रामुख्याने नदीवाचक, त्यातही एका विशिष्ट नदीचे नाव म्हणून येतो. समुद्र हा अर्थ पुढील संस्कृतात दृढ झाला.

इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ होतो. म्हणून दारियसच्या शिलालेखांत ‘हिंदुश्’ हे रूप आढळते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या बोलीत ‘ह’कार लोपला होता. त्यांच्या मुखी ‘इंडोस’ झाले. हाच ध्वनिभेद अनातोलियातील एका पुराव्याचा उलगडा करतो. बोगाझकोई येथे सापडलेल्या, इ. स. पू. चौदाव्या शतकातील हित्ती-मितन्नी करारात मित्र, वरुण, इंद्र यांसह ‘नासत्य’ येतात, आणि त्यांचा ‘स’ शाबूत आहे. तेथीलच किक्कुलीच्या अश्वशिक्षणावरील हित्ती ग्रंथात ‘ऐक’, ‘पंझ’, ‘सत्त’ हे संख्यावाचक आहेत. हे शब्द इराणी नसून भारतीय-आर्य शाखेचे आहेत, हे यावरून मानले जाते. ‘सत्त’ हे रूप तर संस्कृत ‘सप्त’पेक्षा मराठी ‘सात’ला अधिक जवळचे भासते, मात्र हे साम्य स्वतंत्र ध्वनिबदलाचे असू शकते, त्यावरून थेट वंशसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. भारतीय परंपरा ‘स्यन्द्’ (वाहणे) या धातूकडे बोट दाखवते. पाउल थीम यांनी १९७० मध्ये ‘सिध्’ (दूर सारणे, रोखणे) या धातूपासून ‘नैसर्गिक सीमा, अडसर’ असा अर्थ सुचविला. हे मत ग्राह्य धरल्यास, ‘जिथे जाणे कठीण’ असा अर्थ असणाऱ्या ‘दुर्ग’ शब्दाशी ‘सिंधु’चे नाते मोठे मनोहर वाटते. परंतु सतराव्या शतकातील नामकरणामागे ते नाते शोधणे अनैतिहासिक होय. तेव्हाच्या व्यवहारात ‘सिंधु’ म्हणजे समुद्रच. सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग या नावांप्रमाणे येथेही संस्कृत पूर्वपद योजलेले दिसते. कौटिल्याने ‘औदक’ दुर्गात बेटावरील दुर्गाचा समावेश केला आहे. सिंधुदुर्ग त्याच प्रकारात मोडतो.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला याच किल्ल्याचे नाव मिळाले. नदीवाचक शब्द अशा रीतीने प्रथम समुद्रवाचक आणि अखेर सह्याद्रीपर्यंतच्या भूभागाच्या नावाचा घटक बनला.