किती सिलिंडरची होडी?

फोनवर मासेमारीचे व्हिडिओ बघत असाल, तर अमेरिकेतल्या 'बास बोटी' कधी ना कधी समोर आल्याच असतील. चकचकीत, बुटकी होडी, मागे दोनशे-अडीचशे अश्वशक्तीची मोटार आणि तळ्यावरून जवळजवळ उडत जाणारे दोघे जण. हा प्रकार 1948 साली लुइझियानात जन्मला, पुढे मासेमारीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि मोटारी फुगत गेल्या. तिथे पहिली बोट घेणाऱ्याला पडणारा प्रश्न ठरलेला असतो: होडी कुठली आणि मोटार केवढी?

वांद्र्याच्या चिंबईत आणि शेजारच्या खारदांड्यात हाच प्रश्न फार आधी येऊन गेला. फरक एवढाच, की तो छंदाचा नव्हता. चुकला तर सावकार दारात.

आधी होडी कशी चालायची ते पाहू. शीड, वल्हं आणि भरती-ओहोटी. खारदांडा, वरळी, वर्सोवा या पट्ट्यातली मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे भलीमोठी निमुळती पिशवी. ती समुद्रात खुंटांना बांधायची, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि वाट पाहायची. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे सगळं पाण्याच्या ओढीबरोबर आपसूक आत येतं. उधाणाला ओढ जास्त म्हणून मासळी जास्त, भांगाला कमी. म्हणजे जाळं ओढायला ताकद लागतच नाही, ते काम चंद्र करतो. होडीने फक्त वेळेवर पोचायचं आणि मासळी ताजी असताना परत यायचं. वारा पडला की मात्र तांडेल हतबल. बोंबील पाण्याने भरलेला मऊ मासा. उन्हात दोन तास गेले की त्याचं काय होतं, हे घरी फ्रिज बंद पडलेल्यांना सांगायला नको.

सरकारला मात्र यंत्राचं स्वप्न वेगळंच पडलं. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवरचा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिला. मासे मिळाले, पण खर्चाचा मेळ बसला नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे 1946 मध्ये केंद्र सरकारचं खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्रही मुंबईतच निघालं. दोन्ही वेळा कल्पना एकच: मोठं जहाज, मोठं इंजिन, लांबचा समुद्र. कोळ्याची होडी त्या चित्रात कुठे नव्हती.

इंजिन कोळीवाड्यात आलं ते दुसऱ्याच वाटेने. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः पन्नासच्या दशकापासून, सरकारी कर्ज आणि अनुदान मिळू लागलं, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पालघरकडचं सातपाटी यात पुढे होतं. इथे आपल्या किनाऱ्याचं एक सुदैव सांगायला हवं. केरळात किंवा तमिळनाडूत लाकडाच्या ओंडक्यांच्या कट्टुमरमवर इंजिन बसवायला जागाच नव्हती. तिथे नव्या होड्यांचे आराखडे करावे लागले. मुंबई आणि गुजरातच्या होड्या फळ्यांच्या, खोल पोटाच्या, दणकट. त्यांच्यात इंजिन आहे त्या होडीतच बसवता आलं. म्हणून इथल्या माणसाचा पहिला प्रश्न 'कुठली होडी' हा नव्हताच. होडी बापाचीच होती. प्रश्न होता तो इंजिनाचा.

त्याचं उत्तर कोळ्यांनी अश्वशक्तीत दिलं नाही, सिलिंडरमध्ये दिलं. एक सिलिंडर, दोन सिलिंडर, तीन, चार, सहा. आजही बंदरावर होडीची ऐपत अशीच सांगितली जाते आणि सरकारी कागदांतही हीच वर्गवारी येते.

मोठं इंजिन का नको, याचं एक कारण पाण्यातच आहे. पाणी कापत जाणारी जड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी 25 फूट असेल, तर अशा होडीचा सोयीचा वेग साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे इंजिन दुप्पट केलं तरी वेग जेमतेम वाढतो, डिझेल मात्र दणक्यात जळतं. डिझेल इंजिन पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला अंदाजे पाव लिटरपेक्षा थोडं कमी इंधन पितं. दहा अश्वशक्तीला तासाला दोन लिटर, शंभरला वीस. बास बोट उडते कारण ती हलकी आणि सपाट तळाची असते, तळ्यावर दोनच माणसं नेते. डोलवाल्याची होडी खलाशी, दोर, जाळी आणि परतताना टनाच्या हिशोबात मासळी वाहते. तिला उडवायचा खटाटोप म्हणजे बैलगाडीला रेसचा घोडा जुंपणं.

मग सहा सिलिंडर आले कशाला? ट्रॉलसाठी. ट्रॉलचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढून न्यावं लागतं आणि तिथे ताकद हेच सगळं. ट्रकसाठी घडवलेली इंजिनं बोटींत बसू लागली. कोळंबीला परदेशात भाव होता, ट्रॉलर वाढत गेले. माझ्या मते खरी गोम इथे आहे. सुरुवातीला जाळं इंजिन ठरवत होतं. शंभर अश्वशक्तीचं कर्ज एकदा डोक्यावर बसलं, की इंजिन जाळं ठरवायला लागतं. कारण डोलच्या बोंबलांतून त्याचे हप्ते फिटत नाहीत. तळ खरवडावाच लागतो. आणि तोच तळ, तेच उथळ पाणी डोलवाल्याचंही असतं. भांडणं झाली, जाळी तुटली. 1981 मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. त्याखालच्या नियमांत सहापेक्षा जास्त सिलिंडरच्या यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून 22 किलोमीटरच्या आत मनाई झाली. कोळीवाड्याचं मोजमाप कायद्याने जसंच्या तसं उचललं. पुढे सवलतीच्या डिझेलसाठी कित्येक वर्षं 120 अश्वशक्तीची मर्यादाही होती. ती नंतर काढून टाकली गेली. यात लहान होडीवाल्याच्या पदरात काय पडलं, हे मला तरी दिसत नाही.

लहान मोटारीचेही धोके आहेत आणि ते शहराने वाढवले. वांद्रे आणि माहीम यांच्यामधली खाडी 1845 पर्यंत होडीनेच ओलांडायची. मग लेडी जमशेटजींच्या पैशातून कॉजवे झाला आणि तरीवाल्यांचं काम गेलं. 2009 मध्ये त्याच उपसागरावरून सी-लिंक गेला. त्याच्या मुख्य गाळ्यांतली अंतरं मोठी, वांद्र्याच्या बाजूला 250 मीटर. पण पुढे किनारी रस्त्याच्या वेळी वरळीच्या कोळ्यांसमोर आराखडा आला तो खांबांमध्ये 60 मीटर अंतराचा. नकाशावर ते भरपूर वाटतं. लहान मोटारीच्या होडीला मात्र आडवा प्रवाह आणि वारा एकदम लागला, की नाक सरळ ठेवताना ती बरीच बाजूला वाहवते. कोळी अडून बसले, काम थांबवलं आणि अखेर ते अंतर 120 मीटर झालं. त्यांची मागणी याहूनही जास्त होती.

आता चिंबईच्या वाळूवर दिसतात त्यात फायबरच्या होड्याही आहेत, मागे लटकवलेली लहान मोटार. पहिली होडी घेणाऱ्या पोराला खलाशांचा पगार परवडत नाही, म्हणून तो लहान घेतो. अशा होडीला जवळच्या पाण्यात अजून एक मासा बोलावतो: जिताडा, आपल्याकडचा सीबास. अमेरिकेतल्या बासशी त्याचं नातं नावापुरतंच. तो खाडीच्या मुखाशी, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर राहतो, आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणून मोठे जिताडे तेवढे वेचून काढले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच जातात. त्याच्यासाठी अश्वशक्ती नको, उथळ तळ हवा. आणि मिठीच्या मुखाशी मोटार वर उचलून वल्हं मारता यायला हवं, नाहीतर पंख्यात शहराचं प्लास्टिक गुंडाळलं जातं आणि अर्धी भरती ते सोडवण्यातच जाते.