टाळेबंदी आणि मोकळी हवा : महाराष्ट्रातील मैदानी व्यायाम व विरंगुळ्यावरील निर्बंधांचे शिथिलीकरण (२०२०-२०२२)

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना रोगाचा उगम, मृतांची संख्या आणि लसीचा शोध या तीन गोष्टींना साहजिकच अग्रस्थान मिळते. सामान्य माणसाने घराबाहेर केव्हा पडावे, किती वेळ बाहेर राहावे आणि कोणत्या कारणासाठी पडावे हे ठरविणाऱ्या सरकारी आदेशांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. कोविड-१९ च्या साथीत जगातील कोट्यवधी लोकांच्या बाबतीत फिरणे, धावणे, मुलांनी खेळणे या अगदी साध्या गोष्टींना प्रथमच परवानगीची गरज पडली. ही परवानगी कोणाला आधी मिळाली, कोणाला नंतर मिळाली आणि कोणाला मिळूनही तिचा उपयोग झाला नाही, हे पाहिले म्हणजे त्या काळातील समाजरचनेचे एक स्पष्ट चित्र उभे राहते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्राचा व त्यातही मुंबईचा विचार केला असून तुलनेसाठी युरोपातील काही देशांची उदाहरणे घेतली आहेत.

पार्श्वभूमी : १८९७ चा कायदा

२०२० च्या निर्बंधांचे कायदेशीर मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. अत्यंत त्रोटक असलेल्या या कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, रेल्वे प्रवाशांची तपासणी, यात्रांवर बंदी हे सर्व त्याच अधिकाराखाली झाले. त्याच वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही रोखण्यात आले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर सक्तीपेक्षा समजुतीचा मार्ग बरा, या मतापर्यंत प्रशासन हळूहळू आले. निर्बंध लादणे सोपे आणि ते लोकांच्या गळी उतरविणे कठीण, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

प्लेगचा दुसरा परिणाम शहराच्या रचनेवर झाला. दाट, अंधाऱ्या व कोंदट वस्त्या हे रोगाचे घर आहे अशी त्या काळची समजूत होती. प्लेगचा प्रसार उंदीर व पिसवांमार्फत होतो हे पुढे सिद्ध झाले, तरी ही समजूत शहर सुधारणेस कारणीभूत ठरली. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. समुद्राची हवा दाट वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढण्यात आले, तर दादर-माटुंगा भागात बागा व मोकळ्या जागा ठेवून नवी वसाहत आखण्यात आली. म्हणजेच मोकळी हवा हा सार्वजनिक आरोग्याचा भाग आहे ही जाणीव मुंबईला नवी नव्हती. मात्र त्या हवेचे वाटप प्रारंभापासूनच असमान होते. जुन्या गल्ल्या पाडल्याने बेघर झालेल्या सर्वांनाच नव्या वसाहतीत जागा मिळाली नाही.

टाळेबंदी आणि बंद फाटके

महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी १८९७ चाच कायदा पुन्हा लागू केला. २२ मार्चच्या जनता संचारबंदीनंतर २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. केंद्राने त्यासाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला. उद्याने, मैदाने, चौपाट्या बंद झाल्या. किराणा, दूध, औषधे यांसाठी बाहेर पडण्यास मुभा होती. पण केवळ फिरण्यासाठी वा व्यायामासाठी बाहेर पडणे हे आवश्यक कारण मानले गेले नाही.

येथे युरोपशी असलेला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टाळेबंदीत दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती. फ्रान्समध्ये लेखी प्रतिज्ञापत्र जवळ बाळगून, घरापासून १ किलोमीटरच्या आत, एक तास फिरता येत असे. स्पेनने मात्र अत्यंत कडक धोरण स्वीकारले. तेथे मुलांना सुमारे सहा आठवडे घराचा उंबरठा ओलांडता आला नाही. भारताची टाळेबंदी या बाबतीत इंग्लंड-फ्रान्सपेक्षा स्पेनला जवळची होती. पण घरे मात्र स्पेनसारखी नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंबईत तर सुमारे चाळीस टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती. अशा ठिकाणी घराबाहेरची गल्ली, ओटा, नळाची रांग हा घराचाच विस्तार असतो. त्यामुळे ‘घरीच राहा’ या एकाच आदेशाचा अर्थ प्रत्येक वस्तीत वेगळा झाला. चार खोल्यांच्या घरात तो गैरसोयीचा होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसांनी दिवसरात्र एकत्र राहणे म्हणजे विलगीकरण नव्हे, तर त्याच्या नेमके उलट होय.

३ जून २०२० : पहिली शिथिलता

३१ मे २०२० रोजी राज्य शासनाने ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने टप्प्याटप्प्याने निर्बंध उठविण्याचा आदेश काढला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्यासाठी ‘पुनश्च हरिओम’ हे शब्द वापरले. प्लेगच्या काळातील लेखनाबद्दल कारावास भोगून आल्यानंतर लोकमान्य टिळकांनी १८९९ मध्ये केसरीची सूत्रे पुन्हा हाती घेताना जो अग्रलेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचा हा प्रतिध्वनी होता.

या आदेशातील क्रम विशेष महत्त्वाचा आहे. दुकानांना ५ जूनपासून आणि खासगी कार्यालयांना मर्यादित उपस्थितीसह ८ जूनपासून परवानगी मिळाली. त्यापूर्वी, म्हणजे ३ जूनपासूनच, चालणे, धावणे आणि सायकल चालविणे यांना मोकळीक देण्यात आली. समुद्रकिनारे, मैदाने, उद्याने आदी ठिकाणी पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत हे करता येणार होते. सामूहिक खेळांना मनाई होती, मुलांबरोबर मोठे माणूस असणे आवश्यक होते, लांबचा प्रवास करायचा नव्हता आणि बंदिस्त क्रीडागृहे बंदच राहणार होती. सायकल व चालणे यांत अंतर आपोआप राखले जाते, म्हणून त्यांची शिफारसही आदेशात होती. व्यवहार सुरू करण्याआधी माणसाला श्वास घेऊ द्यावा, हा विचार या क्रमात दिसतो.

प्रत्यक्षात प्रारंभ निर्विघ्न झाला नाही. त्याच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि मुंबईत किनाऱ्यावर जाण्यास मनाई करावी लागली. वादळ ओसरल्यावर मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी लोकांची गर्दी उसळली. त्या गर्दीची छायाचित्रे सर्वत्र झळकली आणि शिथिलता धोकादायक ठरत असेल तर पुन्हा टाळेबंदी करावी लागेल, असा इशारा मुख्यमंत्र्यांनी दिला. जूनअखेरीस मुंबई पोलिसांनी व्यायाम व खरेदीसाठी घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा घातली. तिच्यावर टीका झाली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेऊन ‘परिसरातच’ असा मोघम शब्द स्वीकारण्यात आला.

या गर्दीला बेशिस्त म्हणणे सोपे होते. परंतु मुंबईत दरडोई उपलब्ध मोकळी जागा दोन चौरस मीटरहूनही कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. जेथे जागाच थोडी तेथे ती उघडताक्षणी भरणारच. दोन किलोमीटरच्या नियमाचेही तसेच. कुलाबा किंवा शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्यास त्या वर्तुळात समुद्र किंवा मैदान मिळत होते. गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्तीतील माणसास त्याच मापाच्या वर्तुळात काय मिळते, याचा विचार नियमात नव्हता.

मुलांचा प्रश्न

शिथिलीकरणात सर्वांत मागे राहिली ती मुले व वृद्ध. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी आवश्यक कारणाखेरीज घरीच राहावे असा सल्ला होता. राज्याचा आदेश मुलांना मोठ्यांसोबत मैदानावर येऊ देत होता आणि केंद्राचा सल्ला त्यांना घरी थांबवत होता. या विसंगतीत बहुतेक पालकांनी मुलांना घरीच ठेवले, यात नवल नाही.

स्पेनने याच्या उलट क्रम लावला. २६ एप्रिल २०२० पासून तेथे १४ वर्षांखालील मुलांना एका मोठ्या व्यक्तीसोबत, घरापासून १ किलोमीटरच्या आत, रोज एक तास बाहेर नेता येऊ लागले. प्रौढांना व्यायामाची मुभा मिळाली ती त्यानंतर, २ मे रोजी. त्या वेळी दिवसाचे भाग पाडण्यात आले : प्रौढांसाठी सकाळी ६ ते १० व रात्री ८ ते ११, सत्तरीपुढील व्यक्तींसाठी सकाळी १० ते १२ व सायंकाळी ७ ते ८ आणि मुलांसाठी दुपारी १२ ते सायंकाळी ७. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना वेळेचे बंधन नव्हते. ही पद्धत आदर्श होती असे नाही. परंतु मर्यादित जागा वयोगटांत वेळेनुसार वाटून देता येते, हे तिने दाखवून दिले. दाट लोकवस्तीच्या शहरांना हा मार्ग उपयुक्त ठरला असता.

शास्त्र आणि धोरण

मोकळ्या जागेत संसर्गाचा धोका कमी असतो याचे पुरावे लवकरच पुढे येऊ लागले होते. चीनमधील संशोधकांनी ३ किंवा अधिक रुग्ण असलेल्या ३१८ संसर्ग-घटनांचा अभ्यास केला. त्या सर्व बंदिस्त जागेतील होत्या. मोकळ्या जागेतील एकच घटना आढळली व तीत दोन रुग्ण होते. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत झालेल्या रक्त-सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. दाट वस्ती, सामायिक शौचालये आणि कोंदट खोल्या यांतून रोग पसरत होता, असेच ही आकडेवारी सुचविते.

तरीही धोरणाने पुढील काळात मोकळ्या जागेलाच वारंवार कुलूप लावले. मनोरंजनासाठी उद्याने खुली करण्याचा आदेश १५ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला आणि प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. त्या वर्षीची ईदुल-फित्रची नमाज २५ मे रोजी ईदगाहऐवजी घरोघरी झाली होती. एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत ‘ब्रेक द चेन’ आदेशाने मैदाने व चौपाट्या पुन्हा बंद झाल्या आणि सकाळच्या फेरफटक्यालाही परवानगी नाकारण्यात आली. ७ जून २०२१ पासून मात्र अधिक विवेकी पद्धत आली. बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर करण्यात आले. पहिल्या दोन स्तरांत फिरणे नेहमीप्रमाणे, तिसऱ्या स्तरात रोज पहाटे ५ ते ९, तर चौथ्या स्तरात ही वेळ शनिवार-रविवार वगळून अशी व्यवस्था होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक जिल्ह्यांत उद्याने व मैदाने व्यायामासाठी पुन्हा खुली झाली. अखेर एप्रिल २०२२ च्या प्रारंभी राज्यातील सर्व निर्बंध संपले.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मोकळ्या हवेतील विरंगुळा ही चैन नसून दाट वस्तीतील माणसाच्या आरोग्याची गरज आहे. ज्याच्या घरात हवा नाही, त्याच्यासाठी मैदान हीच हवेशीर खोली असते. दुसरी, बंदी समान असली तरी तिचा भार समान नसतो, म्हणून अंतर आणि वेळ यांचे नियम करताना वस्तीतील प्रत्यक्ष जागा मोजल्या पाहिजेत. तिसरी, शिथिलीकरणाचा क्रम हा केवळ प्रशासकीय नसून नैतिकही असतो. मुलांना आधी बाहेर आणावे की बाजार आधी उघडावा, या प्रश्नाच्या उत्तरातून समाजाचा प्राधान्यक्रम कळतो.

प्लेगनंतर मुंबईने रस्ते रुंद केले आणि बागा आखल्या. कोविडनंतर तसे कोणते चिन्ह शहरावर उमटते, हे पाहणे महत्त्वाचे ठरेल. साथ पुन्हा येईल तेव्हा कायद्याची कलमे हाताशी असतीलच. मैदाने शिल्लक आहेत की नाहीत, हे मात्र साथ नसलेल्या वर्षांतच ठरत असते.