अदखलपात्र

कारखान्याच्या फाटकावर चार कामगार जमले की पोलिसांची गाडी येण्यास वेळ लागत नाही. त्यांच्यापैकीच एकाने रात्री घरी बायकोला मारले, तर मात्र ‘हा घरचा मामला’ असे ठाण्यातून ऐकू येई. दोष एकट्या हवालदाराचा नव्हता. दंडविधानाच्या ३२३ व्या कलमाखालील साधी मारहाण अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तपास नाही. बाई ‘एन. सी.’चा कागद घेऊन मारणाऱ्याच्याच दारात परते.

१९८३ साली ४९८-अ कलम आले आणि सासरचा छळ दखलपात्र झाला. (नव्या न्याय संहितेत ते ८५ वे.) १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसाच्या शेजारी समाजकार्यकर्ता बसवावा, ही कल्पना मला अटकेच्या अधिकाराहून मोठी वाटते. कारण पुष्कळ बायकांना नवरा तुरुंगात नको असतो, रात्र सुखरूप जायला हवी असते.

ती सोय २००५ च्या कायद्याने केली. २६ ऑक्टोबर २००६ पासून दंडाधिकारी संरक्षणाचा हुकूम देऊ शकतो, ठाणे-प्रमुखाला तिच्या रक्षणास पाठवू शकतो. हुकूम मोडणे हाच दखलपात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

असा हुकूम घेऊन आमच्या एका सभासदाची बायको ठाण्यात गेली, तेव्हा अंमलदाराने तिलाच समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. नवरा युनियनचा जुना वर्गणीदार. त्याने त्या महिन्यापासून वर्गणी बंद केली.