वर्ध्याहून अंटार्क्टिकाकडे
आज वर्ध्यात अंटार्क्टिकाचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण एक धागा इथलाच आहे. १९३९ साली औंध संस्थानाने कारभार प्रजेच्या हाती दिला, तो सेवाग्रामच्या गांधीजींच्या सल्ल्याने. त्या कामात पुढे होते युवराज अप्पासाहेब पंत. त्यांची कन्या डॉ. अदिती पंत, समुद्रवैज्ञानिक. डिसेंबर १९८३ मध्ये त्या गोव्याहून तिसऱ्या मोहिमेवर निघाल्या. तिथल्या त्याच उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' केंद्र उभं राहिलं. १९८४ चा हिवाळा १२ जणांनी तिथे काढला. बर्फ वितळवल्याशिवाय पाणी नव्हतं. आपल्या केंद्रांवर स्वयंपाकघरातल्या कामाची पाळी सगळ्यांना लागते, शास्त्रज्ञालाही आणि नेत्यालाही. सेवाग्राम आश्रमातही श्रम सर्वांनाच होते ना? इथे ते तत्त्व होतं. तिथे त्यावाचून हिवाळा निघत नाही.